घरच्या घरी कॉकटेल : रम, लिंबू, साखर आणि तिथून पुढे

पागोळी

मंडळी, १६९४ साली मुंबईच्या इंग्रज सरकारने एक हुकूम काढला होता. खानावळीत पंच (दारू, लिंबू, साखर आणि पाणी यांचं वाडग्यातलं पेय) प्यायला आलेल्या माणसाने एक क्वार्ट चांगली गोव्याची अरक, म्हणजे गाळलेली दारू, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचा रस मागून घ्यावा आणि आपला पंच आपणच बनवावा. वाडग्यावर बाजाराच्या कारकुनाचा शिक्का नसेल, तर गिऱ्हाइकाने तो खुशाल फोडावा. वाडग्याचेही पैसे नाहीत आणि पंचाचेही नाहीत.

हे वाचल्यावर मी कागदावर हिशेब मांडला. तो क्वार्ट म्हणजे आजचे सुमारे ९५० मिली, अर्धा पाइंट म्हणजे २३५ च्या आसपास, अर्धा पौंड साखर म्हणजे साधारण २२५ ग्रॅम. एका ग्लासापुरतं आणलं तर ६० मिली दारू, १५ मिली लिंबू, १४ ग्रॅम साखर. आज जगभरच्या बारमध्ये डायकिरी म्हणून जे देतात त्याचं माप याच्या अगदी शेजारी बसतं. पंचमध्ये पाणी असायचं, आता ते काम शेकरमधला, म्हणजे पेय हलवायच्या झाकणबंद भांड्यातला बर्फ करतो. मधली सव्वातीनशे वर्षं गेली तरी मद्य, आंबट आणि गोड यांचा तोल जवळपास होता तिथेच आहे.

हा धागा काढायचं कारण हेच. घरी कॉकटेल बनवायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, 'कुठल्या कुठल्या बाटल्या आणू?' माझं ठाम मत आहे की बाटल्या आणूच नका. एक पांढरी रम, डझनभर लिंबं आणि साखर आणा, आणि डायकिरी हातात बसेपर्यंत दुसरं काही करू नका. आंबट-गोड-मद्य या त्रिकुटाला बारवाले 'सावर' म्हणतात. ते एकदा जमलं की निम्मी क्लासिक कॉकटेल्स तुमची झाली.

डायकिरी हे क्युबातल्या सांतियागोजवळच्या खाणींच्या गावाचं नाव. १८९८ च्या सुमारास तिथल्या जेनिंग्स कॉक्स या अमेरिकन अभियंत्याने ती पहिल्यांदा बनवली असं मानलं जातं. आता आपल्या कामाची गोष्ट: क्युबात जे लिंबू पिकतं ते आपलंच कागदी लिंबू. बारीक, पातळ सालीचं, भरपूर बियांचं आणि जास्त आंबट. इंग्रजी पुस्तकांत आणि व्हिडिओंत दिसतं ते मोठं, हिरवंगार, बिनबियांचं पर्शियन लिंबू. त्यांनी ३० मिली रस सांगितला आणि आपण कागदी लिंबाचा ३० मिली ओतला की दात आंबतात. मग लोक साखर वाढवतात आणि सगळंच सरबत होऊन बसतं. कागदी लिंबाला माझं माप असं:

पांढरी रम ६० मिली
लिंबाचा ताजा रस २० मिली
साखरेचा पाक २० मिली

पाक म्हणजे वाटीभर साखर, वाटीभर गरम पाणी, ढवळून विरघळवणं, बस. तार धरेपर्यंत उकळायचा नाही. एकतारी पाक थंड बर्फावर घट्ट होतो आणि तळाशी जाऊन बसतो. साधा पाक फ्रिजमध्ये तीनेक आठवडे टिकतो.

लिंबू त्याच संध्याकाळी पिळायचं. बाटलीबंद रस नको, सकाळी काढून ठेवलेलाही नको. पिळताना साल चुरगाळून शेवटचा थेंब काढायचा हट्ट सोडा, त्या थेंबात कडवटपणा असतो.

मापाची आपल्याकडे आयती सोय आहे. अमेरिकन पाककृती औंसात असतात, एक औंस म्हणजे जवळजवळ ३० मिली, म्हणजेच आपला छोटा पेग. त्यामुळे घरातलं ३०-६० चं पेग-माप जसंच्या तसं चालतं. त्याहून बारीक मोजायला खोकल्याच्या औषधाबरोबर येणारी रेघांची टोपी घ्या, पाच-पाच मिली नेमके मोजता येतात. अंदाजाने ओतू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. साठ मिलीच्या ग्लासात पाच मिली लिंबू इकडचं तिकडे झालं तरी चव पालटते.

शेकर नसेल तर रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची स्टीलची बाटली घ्या. आधी तिन्ही जिन्नस, मग बर्फ काठोकाठ. बर्फ फ्रीझरमधून काढून लगेच वापरायचा. ओट्यावर पाझरत पडलेला बर्फ नुसतं पाणी वाढवतो. बारा-पंधरा सेकंद जोरात हलवा, बाटली हाताला बोचेल इतकी गार झाली पाहिजे. चहाच्या गाळणीतून थंड ग्लासात गाळा आणि एक घोट घ्या. जीभ आकसली तर पुढच्या वेळी लिंबू १५ वर आणा. ओठ चिकटले तर पाक कमी करा. लिंबं ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून हा घोट दर वेळी घ्यायचाच.

हे बसलं की पुढे फार काही उरत नाही. रमच्या जागी जिन घाला, जिन सावर झाली. व्हिस्की घातली की व्हिस्की सावर. डायकिरीत पुदिना आणि सोडा गेला की मोहितो. जिन सावर उंच ग्लासात ओतून वर स्पार्कलिंग वाइन घातली की फ्रेंच ७५. पाकाऐवजी संत्र्याची लिक्युअर, म्हणजे ट्रिपल सेक, आणि रमऐवजी टकीला, की मार्गारिटा. त्यातच टकीलाऐवजी कोन्याक, म्हणजे फ्रेंच ब्रँडी, की साइडकार, मात्र तिथे पिवळं मोठं लेमन हवं.

हलवायचं की ढवळायचं, याचा नियमही सोपा आहे. फळाचा रस, अंडं किंवा दूध असेल तर हलवायचं. नुसती मद्यंच असतील, जसं मार्टिनी, नेग्रोनी, ओल्ड फॅशन्ड, तर बर्फावर अर्धा मिनिट शांतपणे ढवळायचं. हलवल्याने हवा मिसळते. रसाच्या पेयाला ती हवी असते, पण मार्टिनी तिने गढूळ होते.

तुमचे प्रयोग, मापं, शंका येऊ द्या.

बर्डीवाला

वाचनखूण साठवली. लिंबाचा मुद्दा एकदम पटला, मार्गारिटा घरी इतकी आंबट का होते ते आज समजलं.

माझा प्रश्न ओल्ड फॅशन्डचा आहे. इथे नागपुरात नेहमी मिळणारी साधी व्हिस्की घेऊन सगळं रीतसर करतो, साखर, बिटर्स (थेंबाथेंबाने घालायचा कडू अर्क), बर्फ, तरी चव पोकळ लागते. काय चुकतंय?

पागोळी

@बर्डीवाला, हात चुकत नाहीये. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्क्यांमध्ये मळीपासून केलेलं मद्य असतं, धान्याचा आणि लाकडी पिंपाचा अंश थोडासाच. सोड्याबरोबर ते खपून जातं. ओल्ड फॅशन्डमध्ये लपायला जागा नसते. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका वर्तमानपत्राने कॉकटेल म्हणजे काय ते सांगितलं होतं, मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, आणि ओल्ड फॅशन्ड आजही तेवढीच आहे. तेव्हा बूर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, किंवा आपल्याकडची सिंगल माल्ट घ्या. अमृत, पॉल जॉन दोन्ही यात उत्तम लागतात.

खर्च नको असेल तर सरळ ओल्ड मंक घ्या. हे मी पर्याय म्हणून सांगत नाही, मला ती स्वतंत्रपणे आवडते. ओल्ड मंक ६० मिली, गुळाचा पाक फक्त ५ मिली, अँगोस्टुरा बिटर्सचे दोन-तीन झटके. ही रम मुळातच गोडसर आणि व्हॅनिलाच्या वासाची आहे, त्यामुळे साखरेचं नेहमीचं प्रमाण तिला जड होतं. गुळाचा पाक समान वजनाचा गूळ आणि पाणी घेऊन, कोमट करून, गाळून. कोल्हापुरी गुळाचा तो किंचित खारट, भाजका स्वाद रमला मायेने धरून ठेवतो.

बिटर्सची बाटली महाग वाटेल, पण ती थेंबाथेंबाने संपते, वर्ष-दोन वर्षं पुरते. सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १८२४ मध्ये व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा शहरात हे औषध म्हणून बनवलं. आता त्रिनिदादमध्ये बनतं.

आणि नागपुरात राहून संत्र्याची साल वापरत नसाल तर आजच वापरा. आपल्या संत्र्याची साल सैल आणि पातळ, त्यामुळे लांब सुबक पट्टी निघत नाही. काही बिघडत नाही. रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा घ्या, केशरी बाजू ग्लासाकडे धरून चिमटा, तेलाचा फवारा पृष्ठभागावर बसतो. परदेशी जाड सालीच्या संत्र्यापेक्षा हा वास मला कितीतरी जिवंत वाटतो.

रस मात्र लिंबाच्या जागी घालू नका. संत्र्यात तेवढा आंबटपणा नाही, सावर आडवी पडते. घालायचाच तर ३० मिली संत्र्याच्या रसाला १० मिली लिंबू जोडीला द्या.

म्हापशेकर

धागा काढल्याबद्दल देव बरें करूं.

तुम्ही सुरुवातीला गोव्याच्या अरकेचा उल्लेख केलात, त्यात थोडी भर. ती अरक म्हणजे माडाच्या सुरेपासून गाळलेली. काजूच्या फेणीचा बोलबाला आता आहे, पण त्या हुकुमातल्या पंचाच्या जवळ जायचं तर माडाची फेणी शोधा. ती काजूपेक्षा मऊ असते आणि लिंबाशी तिचं चांगलं जमतं.

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा वास घर भरून टाकतो, त्यामुळे डायकिरीत रमच्या जागी पुरी ६० मिली घातली तर नवख्या माणसाला लिंबूही कळत नाही आणि साखरही. मी ३० फेणी आणि ३० पांढरी रम असं सुरू करायला सांगतो. सवय झाली की रम कमी करत जायचं. साखरेच्या पाकात मिरीचे चार दाणे आणि आल्याचा तुकडा उकळून घेतला तर फेणीचा उग्रपणा बोचत नाही, तो स्वाद म्हणून पुढे येतो.

आणि पर्यटक मंडळींना एक सांगणं. हुर्राक आणि फेणी एक नव्हे. हुर्राक म्हणजे काजूच्या रसाची पहिली धार, मद्यांश साधारण १५%, आणि ती मिळते काजूच्या मोसमात, मार्च ते मे. तिला शेकरात घालून सावर करू नये, पाणचट होते. तिची रीत ठरलेली आहे: ९० मिली हुर्राक, अर्धं लिंबू, चिमूट मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, वरून लिम्का किंवा सोडा, आणि भरपूर बर्फ. याला कोणी कॉकटेल म्हणो न म्हणो, गोव्याचं क्लासिक हेच.

पागोळी

@म्हापशेकर, माडाच्या फेणीची माहिती फार मोलाची. मग तो १६९४ चा पंच पाहुण्यांसाठी करायचा तर ७५० मिलीच्या बाटलीला सुमारे १९० मिली लिंबाचा रस आणि १८० ग्रॅम साखर येते. आदल्या रात्री सात-आठ लिंबांची हिरवी साल, पांढरा भाग न घेता, त्या साखरेत चोळून झाकून ठेवायची. सकाळी साखर ओली आणि सुगंधी झालेली असते. त्यात रस घालून विरघळवायची, गाळायची, मग फेणी आणि साधारण तेवढंच थंड पाणी. वर जायफळ किसायचं. वाडग्यात एकच मोठा बर्फ ठेवायचा, छोटे तुकडे नकोत, ते लगेच वितळतात.

सायली_बाग

व्हिस्की सावरमध्ये अंड्याचा पांढरा भाग घालतात त्याबद्दल विचारायचं होतं. आमच्या घरी अंडं चालत नाही, आणि कच्च्या अंड्याची मलाही धास्ती वाटते. पण तो मखमली फेस फार आवडतो.

रातांबा

@सायली_बाग, छोल्यांचं पाणी! काबुली चणे रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात मीठ न घालता शिजवा. उरलेलं पाणी अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं दाटसर होईपर्यंत आटवा. गार झाल्यावर २० मिली प्रत्येक ग्लासाला. आधी बर्फाशिवाय खूप हलवायचं, मग बर्फ घालून पुन्हा. फेस अगदी अंड्यासारखाच उभा राहतो आणि छोल्यांचा वास लिंबाखाली राहत नाही. माप: व्हिस्की ६०, लिंबू २०, पाक २०, छोल्यांचं पाणी २०.

आता माझा विषय, कोकम. हल्ली प्रत्येक बारमध्ये 'कोकम अमुक', 'कोकम तमुक' असतं आणि बहुतेक वेळा ते नुसतं गोड लाल पाणी असतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण साधं आहे. अमृत कोकम आणि आगळ यांची गल्लत. अमृत कोकम साखरेत मुरवलेलं, म्हणजे ते पाकाची जागा घेतं आणि लिंबाचीही थोडी. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, त्यात साखर नाही. दोघांची कामं वेगळी.

शिवाय कोकमाला आंबटपणा आहे पण लिंबाच्या सालीचा तो वरचा सुगंध नाही. म्हणून लिंबू पूर्ण काढून टाकलं की पेय मुकं लागतं. माझं माप: जिन ५०, अमृत कोकम २५, लिंबू १०, शेकरमध्ये हलवून उंच ग्लासात, वर सोडा. जिन जुनिपरच्या ठसठशीत वासाची हवी. गोव्यात बनणारी ग्रेटर दॅन याला चांगली, स्वस्तही आहे.

आगळ मार्गारिटात वापरा. ग्लासाच्या काठाला मीठ लावण्याऐवजी चमचाभर, म्हणजे ५ मिली आगळ शेकरमध्येच घाला आणि लिंबू तेवढं कमी करा. मिठाचं काम होतं आणि रंग असा येतो की बघत राहावं. टकीला मिळत नसेल तर आपल्या दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून केलेली मद्यं आता बाजारात आहेत. टकीलाचा निळा घायपात वेगळा, हा वेगळा, पण मातकट, हिरवा स्वाद त्याच जातीचा. आगळ त्याच्याशी फारच छान जुळतं.

सायली_बाग

खूप धन्यवाद रातांबा! शनिवारी करून सांगते.

जर्सीतली_जाई

इकडे अमेरिकेत उलट परिस्थिती. दुकानात पर्शियन लिंबंच ढिगाने असतात, कागदी लिंबं 'की लाइम' (Key lime) या नावाने छोट्या जाळीत मिळतात. पागोळींचं माप पर्शियन लिंबाला वापरायचं तर रस २५ पर्यंत न्या.

मला बोलायचंय नेग्रोनीबद्दल, कारण सावर न शिकताही जमणारं हे एकमेव क्लासिक असेल. जिन, कांपारी (कडू, लाल इटालियन लिक्युअर), गोड व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन), प्रत्येकी ३० मिली, बर्फावर ढवळा, संत्र्याची साल. १९१९ मध्ये फ्लॉरेन्समध्ये कामिल्लो नेग्रोनी नावाच्या काउंटने अमेरिकानो या पेयातला सोडा काढून जिन घालायला सांगितली, अशी त्याची कथा आहे. जिनऐवजी बूर्बन घातली की बुलेवार्दिए. जिनऐवजी स्पार्कलिंग वाइन घातली की स्बालियातो, मिलानच्या बार बासोची देणगी. उन्हाळ्यात मला तो सगळ्यात जास्त आवडतो, हलका आणि खेळता.

पण भारतात ओळखीच्या घरी गेलं की व्हर्मूथची उघडी बाटली शोकेसमध्ये, व्हिस्कीच्या शेजारी दिसते. व्हर्मूथ ही वाइन आहे हो! मद्यांश १६-१८%, हवा लागली की उतरते. उघडल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवायची आणि दीड-दोन महिन्यांत संपवायची. आपल्या हवेत बाहेर ठेवली तर मे महिन्यात आठवड्यातच तिची चव मेलेली असते. मग लोक म्हणतात, नेग्रोनी नुसती कडू लागते. छोटी बाटली मिळाली तर तीच घ्या.

आठवा_मजला

+१. व्हर्मूथचं हे सोनेरी अक्षरात लिहून ठेवायला हवं.

काचेसारखा स्वच्छ बर्फ घरी कसा होतो? पांढरा बर्फ चव बिघडवतो का?

पागोळी

@आठवा_मजला, चव फारशी बिघडत नाही, पण पांढरा बर्फ हवेच्या बुडबुड्यांमुळे ठिसूळ असतो, तडकतो आणि भरभर वितळतो. ट्रेमध्ये थंडी सगळ्या बाजूंनी आत शिरते, हवा आणि क्षार मध्यभागी अडकतात. उपाय असा की थंडी एकाच बाजूने शिरू द्यायची. फ्रीझरमध्ये मावेल असा छोटा आइसबॉक्स घ्या, झाकण काढा, पाणी भरून ठेवा. बाजू आणि तळ थर्माकोलने झाकलेले, म्हणून पाणी वरून खाली गोठत जातं आणि हवा खाली ढकलली जाते. वीस-बावीस तासांनी, तळाचं पाणी पूर्ण गोठण्याआधी काढा. वरची लादी पारदर्शक मिळते. दहा मिनिटं बाहेर ठेवून सुरीने रेघ पाडून मागून हलकं ठोका, सरळ फुटते. ओल्ड फॅशन्ड आणि नेग्रोनीला हा बर्फ. शेकरमध्ये साधा ट्रेचाच चालतो.

कट्ट्यावरचा

धागा छान चाललाय, यजमानांसाठी एक गोष्ट जोडतो. कॉकटेल गोड-आंबट असल्यामुळे त्यातली दारू जाणवत नाही. आपल्याकडच्या रम-जिन-व्हिस्कीत मद्यांश बहुधा ४२.८% असतो. ६० मिलीची डायकिरी म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. नेग्रोनी ९० मिली दिसते, पण कांपारी आणि व्हर्मूथ हलकी असल्याने तिथेही हिशेब २० ग्रॅमच्याच आसपास येतो. पाहुण्याला 'अजून एक घ्या' म्हणताना आपण दर वेळी मोठा पेगच देतोय, हे ध्यानात असू द्या. चकणा आधी आणि पोटभर, प्रत्येकासमोर पाण्याचा ग्लास, आणि गाडी घेऊन आलेल्याला पहिल्या ग्लासापासूनच बिनदारूचं काहीतरी. तेही तेवढ्याच निगुतीने बनवलेलं हवं. थंड काळा चहा, लिंबू, गुळाचा पाक, आल्याचा रस आणि सोडा. चहाच्या तुरटपणामुळे ते लहान मुलांचं सरबत वाटत नाही.

महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ आहे आणि परवाना लागतो, हेही नव्या मंडळींना माहीत असावं.

बर्डीवाला

ओल्ड मंक, गूळ आणि संत्र्याची साल, कालच केलं. पागोळी, मनापासून आभार. घरात सगळ्यांना इतकं आवडलं की आता पुढच्या महिन्यात दहा जणांची बैठक ठरली आहे. एकेक ग्लास बनवत बसलो तर गप्पा हुकतील. आधी करून ठेवता येईल असं काय?

पागोळी

ढवळायची पेयं आधी करून ठेवता येतात, हलवायची नाहीत. लिंबाचा रस तासाभरात बदलायला लागतो, म्हणून सावर आयत्या वेळीच.

दहा जणांसाठी नेग्रोनी: जिन, कांपारी, व्हर्मूथ प्रत्येकी ३०० मिली, आणि त्यात २०० मिली प्यायचं थंड पाणी. हे पाणी विसरू नका. ढवळताना बर्फातून जे उतरतं तेच आपण आधी घालतोय. स्वच्छ बाटल्यांत भरून सकाळपासून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको, पाणी घातल्यावर मद्यांश इतका उतरतो की त्यात बर्फाचे कण धरतात. आयत्या वेळी ग्लासात मोठा बर्फ, ११० मिली ओता, साल चिमटा, द्या.

ओल्ड मंकचीही तीच रीत. ६०० मिली रम, ५० मिली गुळाचा पाक, बिटर्स साधारण २० झटके, पाणी १५० मिली. बिटर्स आधी थोडे कमी घाला आणि चाखून वाढवा, मोठ्या प्रमाणात त्यांचा कडवटपणा लवकर पुढे येतो. सालीचे तुकडे मात्र आधी कापून ठेवू नका, तेल उडून जातं. एक न सोललेलं संत्रं मधे ठेवा, ज्याने त्याने आपला तुकडा घ्यावा.